बातमीतला फरार माणूस

लेक गौतमीच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी इंद्रभानने आंघोळ केली, नवं धोतर नेसलं, केसांना तेल लावलं आणि दारामागची काठी घेऊन तो ओट्यावर जाऊन बसला. धोतर-तेलापर्यंत सगळं नवरीच्या बापाला शोभेलसं होतं. काठी मात्र पंचफुलाला खटकली.

“आवं, आज तरी ठेवा ना ते,” वांग्यांची टोपली खाली ठेवत ती नवऱ्याला म्हणाली. “किन्हीराजाचे पावने येऊन राह्यले. काठी घेऊन बसलेला व्याही कोनी पाह्यला हाये काय?”

“पावने येऊन राह्यले म्हनूनच बसलो,” इंद्रभान म्हणाला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यापासून त्याचा आवाज निवळला होता. “आज घरात लेकरंबाळं हायेत, चार डाग हायेत. त्याले असाच दिवस पाह्यजे. पोरायले अंगनाबाहीर जाऊ देऊ नको, फुला. तो अजून सापडला नाही.”

‘तो’ कोण, हे पंचफुलाला ठाऊक होतं. आसेगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकट्या इंद्रभानला ठाऊक नव्हतं, कारण तो म्हणजे इंद्रभानच होता.

गोष्ट भादव्यातली. नाल्यांना पूर आला, अकोल्याची वाट तुटली आणि तिथल्या दवाखान्यातून आणायच्या गोळ्या संपल्या. इंद्रभानच्या कानातले आवाज गौतमीच्या जन्मानंतर कधीतरी सुरू झाले होते. गोळ्यांनी ते बसत, गोळ्या चुकल्या की उठत. ह्या खेपेला त्या आवाजांनी सांगितलं की पुढचा पूल वाहून गेला. पूल जागच्या जागी होता. पण इंद्रभान गवत कापता कापता उठला, विळ्यासकट सडकेवर आला आणि मंगरूळपीरची एस. टी. दिसताच तिच्यापुढे मांडी घालून बसला. “गाडी नेऊ नका, आत लेकरं हायेत,” एवढंच तो घोकत होता.

ड्रायव्हर बाबूलाल ह्याच रस्त्यावर म्हातारा झालेला. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, इंद्रभानच्या शेजारी धुळीत बसला आणि त्याला बिडी दिली. दोघं-तिघं प्रवासी कुरकुरले, बाकीचे निंबाखाली जाऊन टेकले. पंचफुला वावरातून धावत आली, तिने विळा काढून घेतला आणि नवऱ्याचा हात धरून त्याला घरी आणलं. झालं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी गावाला बोलायलासुद्धा ते पुरलं नाही.

मग दोन आठवड्यांनी ते साप्ताहिकात आलं.

वाशीमचं साप्ताहिक दर शनिवारी एस. टी.नेच गावात येई, आणि पंचफुलाचे सासरे देवमन संध्याकाळी विहारात ते मोठ्याने वाचून दाखवत. देवमन अक्षरं शिकले ते धम्मदीक्षेनंतर, रात्रीच्या शाळेत, डोक्याचे केस पिकायला लागल्यावर. ज्याच्या बापजाद्यांना कुणी अक्षराच्या वाऱ्याला उभं राहू दिलं नव्हतं, त्याला छापील शब्दाचं अप्रूप वाटलं तर नवल काय! स्वतः शिकले, मग नव्या सुनेला पाटीवर बसवून शिकवलं. “तोंडचा शब्द पलटते, लेकहो,” ते म्हणत, “छापलेला पलटत नाही.” कागदावरची ओळ ते खाली-वर होऊ देत नसत. मधेच खोकला आला तर तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचत.

पण वाचणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे. कापसाचा भाव ते गंभीरपणे वाचत, अपघात हळू आवाजात, आणि वेड्याची बातमी आली की म्हातारा रंगात येई. आणीबाणी लागल्यापासून ह्या बातम्यांना ऊत आला होता. विहीर आटली, शाळेचं छप्पर उडालं असलं काही छापायची सोय राहिली नव्हती. त्या जागेवर दोन तोंडांचं वासरू, भानामतीचं घर आणि माथेफिरू येऊन बसले. देवमन डोळे गरगरा फिरवत, आवाज चिरकवत, दातओठ खात, आणि बाया पदर तोंडात कोंबून हसत. पंचफुलाही हसे. घरी इंद्रभान होता तरी हसे. बातमीतला वेडा नागडा धावतो, दगड मारतो, खदाखदा हसतो. इंद्रभान तर धडधाकट असतानाही हसायचा कमीच. ह्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

त्या शनिवारी पहिल्याच पानावर ठळक बातमी होती. “‘मंगरूळपीर–आसेगाव मार्गावर सशस्त्र माथेफिरूचा धुमाकूळ,’” देवमनने सुरुवात केली आणि मागची माणसं पुढे सरकली. “‘हातात धारदार हत्यार घेऊन एका माथेफिरूने एस. टी. बसवर चाल केली. त्याचे डोळे आग ओकत होते. प्रवाशांची पाचावर धारण बसली.’” देवमनने डोळ्यांनी अशी काही आग ओकली की पोरं किंचाळून आयांच्या मांडीत शिरली. अख्खा विहार हसला. “‘चालक बाबूलाल यांच्या प्रसंगावधानामुळे भीषण अनर्थ टळला...’”

तिथे देवमनचा आवाज अडखळला. बाबूलाल. ओळ मात्र त्यांनी सोडली नाही, त्यांना सोडताच आली नाही. “‘माथेफिरू फरार असून परिसरात घबराट पसरली आहे.’” त्यांनी कागदाची घडी केली. हसणं कुठल्या कुठे विरून गेलं. माणसं मागे वळून पाहू लागली, तिथे खांबाला टेकून इंद्रभान बसला होता.

इंद्रभानच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. “बाबा,” त्याने विचारलं, “बाबूलालच्या गाडीवर आनखी कोनी चाल केली काय? सापडला काय तो?”

देवमनने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. आणि जन्मभर जे केलं तेच केलं. कागदावर होतं ते सांगितलं.

“नाही बा,” ते म्हणाले. “फरार हाये.”

त्या दिवसापासून देवमनने वाचन बंद केलं आणि इंद्रभानने पहारा सुरू केला.

*

“आपलेच दात अन् आपलेच ओठ, वहिनी. कुणाला काय म्हणणार?” माणिकराव परसातल्या चुलवणापाशी उभं राहून बोलत होते. हे घरचे जावई, मंगरूळपीरला मास्तर. आदल्या दिवशीच बायकोला, म्हणजे इंद्रभानच्या बहिणीला, रुख्मिणीला घेऊन आले होते. मास्तर असल्याने ते पुस्तकी बोलत आणि घाईत असले की जास्तच पुस्तकी बोलत. “पाहुणे यायच्या आत इंद्रभानदादांना इंझोरीला मामाकडे पाठवून द्या. बैलगाडी जुंपलेली आहे. व्याहीभेट दादांचे बाबा घेतील. विचारलंच कुणी तर सांगू, अचानक काम निघालं.”

“लेकीच्या साक्षगंधाले बापाले काम निघालं?” पंचफुला म्हणाली.

“झाकली मूठ सव्वा लाखाची. किन्हीराजातही तेच साप्ताहिक जातं. मुलाचा बाप, दौलतराव, वाचणारा माणूस आहे. आणि मागच्या महिन्यात त्यातच एका वैद्याचा सल्ला आला होता, वेड घराण्यात उतरतं म्हणून. आता ओट्यावर काठी घेतलेला माणूस बसलेला पाहिला तर ते अंगणातूनच परत फिरतील!”

पंचफुलाने सासूकडे पाहिलं. भागिरथा कणकेच्या परातीत हात घालून तशीच बसली होती. म्हातारीने इंद्रभानसाठी गंडे केले, दोरे केले, मग देवमनशी भांडून अकोल्याच्या दवाखान्याची वाटही तिनेच धरली होती. ती आपल्या बाजूची, असं पंचफुलाने गृहीत धरलं होतं.

“जवाईबापू बराबर म्हनून राह्यले,” भागिरथा हळूच म्हणाली. “जाऊ दे त्याले इंझोरीले. माह्या लेकाकडं पाहून कोनी पावना दात काढन, ते मले नाही पाह्यवनार. घरच्याईनं हासलं तेच लय झालं.”

शेवटचं वाक्य देवमनसाठी होतं. ते गोठ्याच्या दाराशी चष्मा पुसत बसले होते. त्या शनिवारपासून ते फारसं बोलतच नव्हते.

“मी पण तेच म्हनते, वयनी,” रुख्मिणी म्हणाली. “पोरीचं जमू दे. मंग सांगता येईन सारं.”

तिघं एका बाजूला झाले. पंचफुलाला कळलं की आता आपण एकटी. आणि एकटी पडल्यावर माणसाला जे आठवतं ते आठवलं. कितीतरी दिवस मनात टोचत होतं, पण विचारलं नव्हतं.

“जवाईबापू, एक सांगा,” ती म्हणाली. “त्या पेपरवाल्याले बाबूलालचं नाव कोनं सांगतलं?”

“वार्ताहर असतात गावोगाव.”

“आसेगावात कोनी नाही. मंगरूळात कोन हाये?”

रुख्मिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

“म्या तुमाले सांगतलं होतं,” रुख्मिणी म्हणाली, जणू स्वतःलाच. “जेवाले वाढता वाढता. बाबूलालनं बिडी देली म्हनून सांगतलं. मले रडू आलं होतं. तुमी म्हनले, रडू नको.”

“मी नाव घातलं नाही!” माणिकरावांचा आवाज चढला. “दादांचं नाव नाही, बापाचं नाव नाही. एवढं तर पाळलं ना मी?”

“लिवलं तुमीच?”

“वर्षभर लिहितोय मी, रुख्मिणी. विहिरीवर लिहिलं, शाळेच्या छपरावर लिहिलं. एक ओळ छापली नाही. संपादक म्हणाले, मास्तर, असलं धाडू नका, आम्हाला जेलात घालता काय? जरा रंजक काही धाडा. हे धाडलं ते पहिल्या पानावर आलं.” ते थांबले. त्या पहिल्या पानाचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर अजून कुठेतरी उरला होता, आणि तो लपवता येत नाही म्हणून ते ओशाळले होते. पंचफुलाला त्यांची कीव आली. राग त्याहून जास्त आला.

“विळ्याचं हत्यार कसं झालं, जवाईबापू?”

“तसंच लिहितात, वहिनी. तशी भाषाच असते.”

“अन् फरार?”

“बातमीला शेवट लागतो. बिडी ओढली आणि घरी गेला, असला शेवट कोण छापणार?”

“घरी आले हेच तं खरं होतं!” पंचफुला म्हणाली. एवढा वेळ ताब्यात ठेवलेला तिचा आवाज आता फुटला. “दवाखाना, पूर, गोळ्या, सारं पार करून मानूस घरी आला हेच तं खरं होतं. तुमी त्याले बाहीर काढलं अन् सडकेवर सोडून देलं. तो आता सोतालेच भिऊन राह्यला. रात रात झोपत नाही.”

गौतमी केस पुसत दारात येऊन उभी होती, कधीपासून ते कुणी पाहिलं नव्हतं. दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी जन्मलेली, मॅट्रिक झालेली पोरगी, आणि मासिकं वाचायचा नाद.

“आत्याकडून आनलेली मासिकं मी वाचते,” ती माणिकरावांना म्हणाली. “त्यात दर दोन अंकाआड एक वेडा असते. तो खून करते, नाहीतर प्रेमात पडून विहिरीत उडी घेते. वेडी असली तं केस सोडून हासते. गोळी घेऊन वावरात निंदाले जानारा एकही नाही. माह्या बाबासारखा एकही नाही.” तिने ओला पंचा खांद्यावर टाकला. “बाबा इंझोरीले गेले तं मी पाटावर बसनार नाही. मंग सांगा किन्हीराजावाल्याले, पोरीलेच काम निघालं.”

चुलवणावर वांग्याच्या भाजीला बुडबुडे येत होते. रुख्मिणीने लाटणं खाली ठेवलं आणि उठून पंचफुलाशेजारी येऊन बसली. नवऱ्याकडे तिने पाहिलंही नाही.

“वयनी, पुऱ्या मी तळते,” ती म्हणाली. “तू दादाची टोपी काढ. व्याहीभेटीले टोपी लागन.”

भागिरथाने कणकेतले हात काढले. “काठी मात्र घ्या रे त्याच्या हातातली,” ती पुटपुटली. तिचं मन वळलं होतं, भीती तेवढी होती तशीच होती.

“काठी घेतली तं मंग रातच्याले कोयता घेतील,” पंचफुला म्हणाली. “तो मानूस फिरते असं मामाजीनंच सांगतलं त्याईले. छापलं हाये म्हनून सांगतलं. माह्यं आयकत नाहीत. म्या किती डाव सांगतलं, असा कोनी नाही. म्हनतात, बाबा खोटं वाचतीन काय?”

देवमनने पुसून पुसून लखलखीत झालेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

*

किन्हीराजाची मंडळी उन्हं वर आल्यावर पोचली. दौलतराव पुढे, पैलवानी अंगाचे, मिशा पांढऱ्या. मागे दोन भाऊ, तीन बाया, आणि वीज मंडळात लागलेला नवरदेव, जो सगळ्यांच्या मागे राहून सगळ्यांत जास्त डोकावत होता. जयभीम झाला. पाय धुवायला पाणी झालं. सपरीत, पुढच्या पडवीत, सतरंजीवर माणसं बसली. वंदना झाली. इंद्रभान टोपी घालून लेकीच्या सासरच्या माणसांसमोर बसला, देखणा दिसत होता. काठी त्याने मांडीवर आडवी ठेवली होती आणि मधून मधून त्याची नजर दाराबाहेर जात होती.

पंचफुला आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या पाठीशी गौतमीचा श्वास ऐकू येत होता. दौलतरावांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली. नवरीसाठी आणलेल्या लुगड्याची पिशवी त्यांच्या भावाच्या हातात होती आणि ती अजून उघडली नव्हती, हे पंचफुलाने पाहून ठेवलं.

“तुमच्या गावची बातमी आली होती पेपरात,” दौलतराव म्हणाले. ते कुणाकडेच न पाहता बोलले. “त्या माथेफिरूची. आमच्याकडं लय गोष्टी चालू हायेत. कोन होता, कोनाचा होता, म्हनतात ना लोकं. मी म्हनलं, आपुन जाऊनच राह्यलो तं त्याईच्याच तोंडून आयकू.”

माणिकरावांनी मान खाली घातली. भागिरथाने डोळे मिटले. झाकली मूठ म्हणतात ती हीच, आणि पाहुणा ती उघडायलाच आला होता.

उत्तर इंद्रभानने दिलं.

“नाही सापडला अजून,” तो म्हणाला. यजमानाने पाहुण्याला धीर द्यावा तसा. “पन तुमी कायजी करू नका. मी ध्यान ठेवून हाये. रातच्याले बी जागाच राह्यतो. तुमची सून आमच्या घरी हाये तोवर तिच्या केसाले धक्का लागू देनार नाही मी.”

दौलतराव इंद्रभानकडे पाहत राहिले, मग काठीकडे, मग पुन्हा त्याच्या तोंडाकडे. त्यांना कळलं. त्यांच्या बायकोने पदर सावरला, आणि पिशवी धरलेल्या भावाने ती मांडीवरून उचलून बगलेत घेतली. आता उठतील, असं पंचफुलाला वाटलं. तिने मागे हात करून लेकीचं मनगट धरलं.

“थांबा,” देवमन म्हणाले.

इतक्या दिवसांत त्यांचा आवाज असा कुणी ऐकला नव्हता. ते कोनाड्यापाशी गेले, तिथली साप्ताहिकाची चळत काढली, वरचा अंक घेतला आणि चष्मा लावला. “पावने पेपर वाचनारे हायेत. मी बी हाये. बातमी आली हाये त्याची, नवी. वाचून दाखवतो.”

ते उभे राहिले ते दाराच्या उजेडात, पंचफुलाच्या अगदी पुढ्यात. त्यांनी कागद उघडला. पंचफुलाला अंक दिसत होता. खताच्या पोत्याची मोठी जाहिरात होती, हसरा शेतकरी आणि खाली दुकानाचा पत्ता. देवमनचं बोट त्या शेतकऱ्यावर टेकलं.

“‘आसेगाव, आमच्या वार्ताहराकडून,’” त्यांनी वाचायला सुरुवात केली. डोळे फिरवले नाहीत, आवाज चढवला नाही, कापसाचा भाव वाचावा तसं वाचलं. “‘येथील शेतकरी इंद्रभान देवमन खिल्लारे यांना कानात आवाज ऐकू येण्याचा आजार आहे. ते अकोल्याच्या दवाखान्याच्या गोळ्या घेतात व आपली शेती करतात. भादव्यातील पुरामुळे गोळ्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे पूल वाहून गेला आहे असे त्यांना वाटले. गाडीत लेकरे आहेत म्हणून ते गाडीसमोर बसले. त्यांच्या हाती गवत कापण्याचा विळा होता. तो त्यांनी कोणावर उगारला नाही.’”

साऱ्या जन्मात देवमनने कागदावर नसलेलं एक अक्षर वाचलं नव्हतं. पंचफुलाला हे त्या घरातल्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं, कारण पाटीवर तिची एक वेलांटी चुकली तर हाच म्हातारा पूर्ण ओळ पुसायला लावायचा. त्याचं बोट आता जाहिरातीतल्या पोत्यावरून सरकत होतं. तिला पदर तोंडात कोंबावा लागला, विहारात कोंबायची तसाच, फक्त ह्या वेळी हसू येत नव्हतं.

“‘चालक बाबूलाल यांनी त्यांना बिडी दिली. नंतर त्यांची पत्नी आली, व ते तिच्यासोबत घरी गेले. कोणालाही इजा नाही.’” देवमनचं बोट दुकानाच्या पत्त्यावर आलं. “‘कोणीही फरार नाही.’”

त्यांनी घडी केली.

इंद्रभानचे ओठ हलत होते, एकेक ओळ तो पुन्हा मनात वाचत असावा.

“बाबा,” तो म्हणाला. “म्हंजे तो म्याच होतो काय?”

“होय रे बाप्पा. तूच होता.”

“पहिल्या बातमीत बी?”

“पहिली बातमी चुकीची होती. अन् मी ते नाचून वाचली. सारं गाव हासवलं.” देवमनने चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. “तुले म्या सांगतलं फरार हाये म्हनून. तू तं घरीच होता, इंद्रभान. माह्या पुढंच बसून होता.”

इंद्रभानने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. “हे छापलं हाये ना?”

एकदा पुढे गेलेला म्हातारा आता अडला. खोटं वाचून झालं होतं, खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. आता इंद्रभान कागद मागेल, आणि त्यालाही वाचता येतं.

“छापलं हाये, दादा,” माणिकराव म्हणाले. मास्तरांचं पुस्तकी बोलणं कुठे पळालं होतं. ते उठले, सासऱ्यांच्या हातातून अंक घेतला, त्याची आणखी एक घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली. “म्याच धाडली होती. पहिली बी माहीच होती. ते चुकली होती. हे बराबर हाये.”

परसातल्या त्या बोलण्यानंतर रुख्मिणीने पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं.

दौलतराव उठून उभे राहिले. किन्हीराजाची सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग उठायला लागली. भागिरथा भिंतीला टेकली. दौलतरावांनी सपरी ओलांडली, पण ते दाराकडे गेले नाहीत. इंद्रभानपुढे जाऊन ते उभे राहिले आणि त्यांनी आवाज चढवला तो पंचफुलावर.

“गोळ्या संपू काहून देल्या, बाई?”

“पूर होता,” पंचफुला म्हणाली.

“पूर तुमच्याकडं होता! आमच्याकडं पक्की सडक हाये, अकोल्याची गाडी एक दिवस बंद पडत नाही. एक निरोप धाडला असता तं हे पोरगं जाऊन घेऊन आलं असतं.” त्यांनी मागे न पाहता नवरदेवाकडे बोट केलं. “वीज मंडळात काय करते ते? खांबच मोजते. यापुढं पावसाळ्याच्या आधी गोळ्या घरात पाह्यजे. नाही आल्या तं मले सांगाचं. सोयरे कायले केले मंग?”

मग त्यांनी भावाकडे पाहिलं. “अन् तू ते पिशवी बगलेत काहून धरली? उघड ना! पोरीले पाटावर बसवा. अन् मले अगोदर व्याहीभेट घेऊ द्या.”

इंद्रभान उठला. काठी हातात असल्याने त्याला दौलतरावांना कवेत घेता येईना. तो क्षणभर गोंधळला. मग त्याने ती काठी पंचफुलाच्या हातात दिली आणि व्याह्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. दौलतरावांची टोपी तिरकी झाली, बायका हसल्या, आणि त्या हसण्याने कुणालाच काही लागलं नाही.

पंचफुला काठी दारामागे ठेवायला गेली. बाहेर उशिरा आलेल्या कुणाच्या तरी बैलगाडीचे घुंगरू वाजले, तशी रोजच्या सवयीने तिने दाराच्या कडीकडे हात नेला.

“कडी नको लावू, फुला,” इंद्रभान व्याह्याच्या खांद्यावरून म्हणाला. “आता कोनी बाहीर नाही. उघडंच राहू दे, पावने येऊन राह्यले.”